नंबर लगेगा क्या, सर?

नीटचा निकाल लागला की आठवडाभर माझ्या दारात चपलांची गर्दी असते. सोनाळ्याचीच नाही, आजूबाजूच्या गावांतली मुलंही येतात, सोबत अब्बा किंवा मोठा भाऊ. मोबाइलवर गुण दाखवतात आणि एकच प्रश्न विचारतात, "सर, नंबर लगेगा क्या?" मी उर्दू-मराठी शिकवणारा बीएड मास्तर, मला डॉक्टरकीतलं काय कळणार? पण फॉर्म इंग्रजीत, दाखले मराठीत आणि घर उर्दूत, म्हणून लोक येतात. मी गुणांकडे नंतर बघतो. आधी विचारतो, "तुझे दादा, म्हणजे आजोबा, कुठल्या शाळेत होते?" मुलं हसतात. बाप हसत नाही.

आम्ही बारावीला होतो तेव्हा हिशोब सोपा होता. बोर्डाचे गुण हीच यादी. नव्वदचं दशक संपता संपता राज्याची सीईटी आली आणि बोर्डाचे गुण मागे पडले. ५ मे २०१३ रोजी देशभर पहिली नीट झाली, त्याच वर्षीच्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, महाराष्ट्र पुन्हा सीईटीवर आला. २०१६ मध्ये न्यायालयाने नीट परत आणली, पण मेमधल्या अध्यादेशाने राज्यांना त्या एका वर्षापुरती सूट मिळाली. २०१७ पासून नीटला पर्याय उरला नाही. या चार वर्षांत ज्यांची बारावी झाली, त्यांनी एका परीक्षेची तयारी केली आणि दुसरीच समोर आली. मोठ्या शहरातल्या क्लासने आठवड्याभरात पुस्तकं बदलली. आमच्याकडे बातमी पोचेपर्यंतच आठवडा जायचा.

२०१७ च्या नीटमध्ये मराठी होती, उर्दू नव्हती. सर्वोच्च न्यायालयात प्रकरण गेलं आणि २०१८ पासून उर्दूही आली. आनंद झाला, पण खरं सांगायचं तर देशभरातून उर्दू निवडणारे सुरुवातीला दोन हजारांच्या आसपासच राहिले. आमची मुलं दहावीपर्यंत उर्दूत विज्ञान शिकतात आणि अकरावीला एकदम इंग्रजीत जातात. परीक्षेची भाषा बदलून ही दरी बुजत नाही.

आता माझी चूक. २०२४ च्या निकालानंतर एक मुलगी सहाशेच्या वर गुण घेऊन आली. आदल्या वर्षीच्या कटऑफवर बोट ठेवून मी म्हणालो, पेढे वाटा. त्यांनी वाटले. २०२३ मध्ये ७२० पैकी ७२० गुण फक्त दोघांना होते, २०२४ च्या पहिल्या निकालात ६७ जणांना! सुधारित निकालात ते १७ झाले. नुसती पात्रतेची खुल्या गटाची रेषा १३७ वरून १६२ वर गेली. मुलीला सरकारी कॉलेज मिळालं नाही. पुढच्या वर्षी पेपर अवघड निघाला, तर देशात पहिला आलेल्याचेच गुण ६८६. आदल्या वर्षी तेवढ्या गुणांवर तो हजारोंच्या मागे उभा असता. तेव्हापासून मी गुण विचारत नाही, रँक विचारतो. आणि तरीही हातचं राखून बोलतो.

कारण रँकसुद्धा अर्धीच गोष्ट सांगते. तुम्ही कोणत्या रांगेत उभे आहात, ही दुसरी अर्धी. १९८४ च्या प्रदीप जैन खटल्यातून पुढे अखिल भारतीय कोटा आला, १५ टक्के जागा देशाला आणि ८५ टक्के राज्याला. राज्याच्या जागांसाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून हवी. सातपुड्यापलीकडे बऱ्हाणपूरला मामाकडे राहून दहावी केलेला पोरगा इथे अडकतो, आणि त्याला हे बारावीनंतर कळतं. शिवाय राज्यात ७०:३० होतं, म्हणजे विदर्भातल्या कॉलेजच्या ७० टक्के जागा विदर्भातल्या मुलांना. मराठवाड्यात कॉलेजं कमी, त्यांची तक्रार रास्तच होती. ८ सप्टेंबर २०२० रोजी मंत्री अमित देशमुखांनी विधानसभेत हे सूत्र रद्द केल्याचं जाहीर केलं. नीट होती १३ सप्टेंबरला. पाच दिवस आधी सगळ्यांचे अंदाज रद्दीत गेले. २०२४ मध्ये बुलढाण्यात सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं, पण जिल्ह्यातला आहे म्हणून तिथे वेगळी रांग नाही.

आणि आपली रांग? जुलै २०१४ मध्ये मुस्लिमांतल्या मागास समूहांना ५ टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला. नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाने नोकऱ्यांतलं थांबवलं, शिक्षणातलं तूर्त राहू दिलं. पण नव्या सरकारने कायदा केला नाही, अध्यादेशाची मुदत संपली. अजूनही कुणीतरी बाप "वो पाँच परसेंट का क्या हुआ?" विचारतोच. उरली ती ओबीसीची वाट. शब्बीर अन्सारींच्या चळवळीने, जिच्या सभांना दिलीपकुमारही गेले, ती १९९४ मध्ये रुंद केली. मोमीन, बागवान, तांबोळी, पिंजारी-मन्सुरी यांना दाखला मिळू लागला. बाकी शेख-सय्यद-पठाणांसाठी, उत्पन्न बसत असेल तर, २०१९ पासून ईडब्ल्यूएस आहे.

पण दाखल्याच्या मागे पडताळणी उभी असते, आणि तिला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. म्हणून माझा दादांचा प्रश्न. कोतवाल बुकाची नक्कल, नाहीतर शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर. ही रजिस्टरं उघडली की आमचे जुने मास्तर भेटतात. वऱ्हाड तेव्हा कधी मध्य प्रदेशात, कधी मुंबई राज्यात. मास्तर बदलत, अक्षर बदलत असे. जातीच्या रकान्यात मात्र बहुतेकांनी एकच शब्द लिहिला, मुसलमान. त्यात दुष्टावा नव्हता. कुणी विचारलं नसेल, कुणी सांगितलं नसेल. त्या एका शब्दाने साठ वर्षांनी नातीची रांग बदलते. ओबीसी आणि खुल्या गटाच्या कटऑफमध्ये फार अंतर नसतं, हे मला माहीत आहे. पण जिथे चार गुणांत हजारो मुलं उभी असतात, तिथे थोडकं अंतरही पुरतं. शिवाय आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या ओबीसी मुलींना २०२४ पासून शिक्षण शुल्क माफ आहे.

सध्या एका मन्सुरी मुलीचं काम हाताशी आहे. दादांच्या नोंदीत मुसलमान. कोतवाल बुकाचं ते पान वाळवीने खाल्लेलं. मग तिच्या अब्बांना मी वडिलांच्या बाजूचे सगळे चुलत आजोबा मोजायला लावले. गेल्या आठवड्यात शेजारच्या तालुक्यातल्या एका जुन्या शाळेत दादांच्या सख्ख्या भावाचं पान सापडलं. उर्दू शिकस्त लिपी, शाई तपकिरी झालेली, इतकी की तिथल्या बाबूंना वाटलं सही आहे. मी चष्मा काढून, उजेडात नेऊन दोनदा वाचलं. पिंजारा. बापाच्या धंद्याच्या रकान्यात रुई पिंजणे.

मुख्याध्यापकांनी नक्कल सोमवारी देतो म्हटलं आहे. उर्दू नोंदीचं मराठी भाषांतर मी रात्री करून ठेवलं. पोरगी अजून अकरावीत आहे, नीटला दीड वर्ष आहे.