गुगल बिझनेस प्रोफाइल: दुकान मॅपवर आणा, पण चावी स्वतःकडेच ठेवा

"सर, गुगलमधून बोलतोय. तुमच्या दुकानाचं लिस्टिंग उद्यापासून बंद होतंय, चालू ठेवायचं असेल तर वर्षाची फी भरावी लागेल." असा फोन तुम्हाला आला नसेल, तर तुमच्या शेजारच्या दुकानदाराला तरी नक्की आला असेल. सरळ उत्तर असं आहे की गुगल बिझनेस प्रोफाइल पूर्णपणे मोफत आहे. ते बनवायला पैसे लागत नाहीत आणि चालू ठेवायलाही लागत नाहीत. समोरचा माणूस फोनवर आलेला व्हेरिफिकेशन कोड मागत असेल तर फोन ठेवून द्या.

मग या फुकटच्या गोष्टीसाठी लोक हजारो रुपये का मोजतात? कारण नीट भरलेल्या प्रोफाइलमुळे खरोखर गिऱ्हाईक येतं. ते नीट कसं भरायचं हे आज आपण पाहणार आहोत.

नेमकं काय आहे हे?

गुगलवर "जवळचा दातांचा दवाखाना" असं शोधलं की वर नकाशा येतो आणि त्याखाली दोन-तीन दुकानांची किंवा दवाखान्यांची नावं, फोन नंबर, वेळ आणि स्टार दिसतात. ही माहिती वेबसाइटवरून नाही, तर प्रामुख्याने बिझनेस प्रोफाइलमधून येते. २०१४ मध्ये ही सेवा 'गुगल माय बिझनेस' नावाने सुरू झाली आणि २०२१ च्या शेवटी तिचं नाव 'गुगल बिझनेस प्रोफाइल' झालं. जुनं नाव अजून लोकांच्या तोंडात आहे, गोष्ट तीच.

नकाशावर कोण वर दिसणार हे तीन गोष्टींवर ठरतं, असं गुगल स्वतः सांगतं: शोधलेल्या गोष्टीशी तुमचा व्यवसाय किती जुळतो, शोधणारा तुमच्यापासून किती लांब आहे आणि तुमचा व्यवसाय किती नावाजलेला आहे. यात अंतर तुमच्या हातात नाही. मलकापूरच्या माणसाने शोधलं तर मलकापूरचं दुकान वर येणार, विद्यानगरच्या माणसाने शोधलं तर विद्यानगरचं. म्हणून "कराडमध्ये एक नंबरला आणून देतो" हे वाक्यच मुळात फसवं आहे. कुणाच्या फोनवर एक नंबर? पहिल्या नंबरची हमी कुणीही देऊ शकत नाही, असं गुगलने लिहूनच ठेवलंय. पैसे देऊन जाहिरात करता येते, पण तिच्यावर 'स्पॉन्सर्ड' असा शिक्का येतो. तो भाग वेगळा.

कुणाच्या जीमेलवर?

हा मुद्दा बहुतेक लेखांत शेवटी येतो. मी मुद्दाम आधी घेतोय, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

माझ्या ओळखीच्या एका फर्निचरवाल्यांनी एका मुलाकडून प्रोफाइल बनवून घेतलं. त्याने ते स्वतःच्या जीमेलवर बनवलं आणि फोन नंबरही "ट्रॅकिंगसाठी" स्वतःचाच टाकला. दोन वर्षांत शंभरच्या वर रिव्ह्यू जमले. पुढे फीवरून वाद झाला आणि मुलगा फोन उचलेना. दुकान यांचं, बोर्ड यांचा, रिव्ह्यू यांच्या गिऱ्हाइकांचे, पण दुकानाची सुट्टी बदलायची तरी परवानगी त्याची! गिऱ्हाइकाने मॅपवरून लावलेला फोनही त्याच्याकडेच जायचा.

म्हणून आज दुकान बंद केल्यावर एवढं करा. प्रोफाइल ज्या जीमेलला जोडलंय तिथे लॉगिन करून 'पीपल अँड अ‍ॅक्सेस' उघडा. 'प्रायमरी ओनर' म्हणून तुमचा स्वतःचा ईमेल दिसायला हवा. एजन्सीला काम द्यायचंय तर जरूर द्या, पण 'मॅनेजर' म्हणून. मॅनेजर माहिती बदलू शकतो, फोटो टाकू शकतो, रिव्ह्यूला उत्तर देऊ शकतो. तुम्हाला बाहेर काढू शकत नाही. एजन्सी तुम्हाला नव्याने ओनर करत असेल तर लक्षात ठेवा, नव्या ओनरला पहिले ७ दिवस जुन्याला काढता येत नाही किंवा प्रायमरी मालकी फिरवता येत नाही. म्हणजे हिशेब पूर्ण करण्याआधी हे काम उरकून घ्या, नंतर नाही.

आणि चावी आधीच दुसऱ्याकडे गेली असेल तर? मॅपवर आपलं दुकान उघडून मालकी मागणारा पर्याय निवडा. आत्ताच्या मालकाला उत्तर द्यायला ३ दिवस मिळतात. त्याने काहीच उत्तर दिलं नाही तर पुष्कळदा तुम्हाला स्वतः व्हेरिफाय करून प्रोफाइल ताब्यात घेता येतं. नकार दिला तर अपील करता येतं. नवीन दुसरं प्रोफाइल उघडण्याचा मोह टाळा. एकाच दुकानाची दोन लिस्टिंग झाली की नवंच काढून टाकलं जाण्याची शक्यता जास्त.

व्हेरिफिकेशन आता बऱ्याचदा व्हिडिओने होतं. न थांबता, एडिट न करता किमान ३० सेकंदांचा व्हिडिओ: आधी रस्ता आणि आजूबाजूची दुकानं, मग तुमचा बोर्ड, मग कुलूप उघडून आत जाणं, गल्ला, मशिन. दुकान तुमच्याच ताब्यात आहे हे दिसलं पाहिजे. बँकेची कागदपत्रं, कुणाचे चेहरे वगैरे दाखवायची गरज नाही.

नाव, कॅटेगरी, पत्ता

नाव बोर्डावर आहे तेच टाका. "श्री गणेश ऑइल – कराडमधील बेस्ट लाकडी घाणा शुद्ध तेल" असली नावं मॅपवर रोज दिसतात आणि खरं सांगायचं तर त्यातली काही वरही येतात. पण हे नियमाविरुद्ध आहे. शेजारच्या स्पर्धकाने एक तक्रार केली की प्रोफाइल सस्पेंड होऊ शकतं, आणि नेमकं दिवाळीच्या तोंडावर झालं तर सांगायलाच नको.

त्या शब्दांची जागा कॅटेगरीत आहे. एक मुख्य आणि आणखी ९ पर्यंत जोडता येतात, पण गुगलच्या यादीतूनच निवडाव्या लागतात. तुमच्या धंद्याला जवळात जवळची निवडा. केकची ऑर्डर घेणाऱ्याने 'रेस्टॉरंट' निवडलं तर तो चुकीच्या रांगेत उभा राहतो.

पत्त्यात "एसटी स्टँडसमोर, मारुती मंदिराशेजारी" हे माणसाला कळतं, नकाशाला कळेलच असं नाही. त्यामुळे पिन हाताने सरकवून बरोबर शटरवर ठेवा. घरून काम करणारे प्लंबर, डबेवाल्या ताई, एसी दुरुस्तीवाले यांनी पत्ता लपवून फक्त सेवा देण्याची गावं किंवा भाग टाकावेत. असे २० पर्यंत टाकता येतात.

वेळेचं म्हणाल तर दुपारी १ ते ४ बंद असणाऱ्यांचीही सोय आहे (पुणेकरांनी नोंद घ्यावी). एकाच दिवसात दोन वेळा टाकता येतात. गणपती, दिवाळीला 'स्पेशल अवर्स' वेगळे भरा. मॅपवर 'ओपन' बघून दहा किलोमीटर आलेला माणूस बंद शटरसमोर उभा राहिला, की तो काय रिव्ह्यू लिहितो हे तुम्हाला माहीत आहे.

मराठीत शोधणारं गिऱ्हाईक

आता घाण्याच्या तेलाचंच उदाहरण पुढे नेऊ. एकच वस्तू लोक किती तऱ्हांनी शोधतात बघा: कुणी "लाकडी घाणा तेल", कुणी "कोल्ड प्रेस्ड ऑइल", कुणी इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करून, कुणी फोनला तोंडाने विचारून. वेबसाइट किंवा प्रोफाइल फक्त इंग्रजीत असेल तर यातलं निम्मं तुमच्यापर्यंत पोहोचायला उगीच अवघड होतं. तेच शब्द पंधरा वेळा कोंबायची गरज नाही, एका साध्या परिच्छेदात दोन्ही-तिन्ही नावं सहज येतात. प्रोफाइलच्या वर्णनाला ७५० अक्षरांची मर्यादा आहे, तेवढ्यात ते बसतं.

त्याहून चांगला उपाय म्हणजे दुकानात रोज विचारले जाणारे प्रश्न लिहून काढणं. शेंगदाणे आमचे आणले तर तेल काढून मिळेल का? एक किलो दाण्याचं साधारण किती तेल निघतं? पेंड परत देता का? करडईचं तेल बारा महिने मिळतं का? तळाशी गाळ का बसतो? या प्रत्येकाचं तुमच्या शब्दांतलं खरं उत्तर वेबसाइटच्या एका पानावर टाका. मोठ्या कंपनीच्या वेबसाइटवर ही उत्तरं सहसा नसतात. "शुद्धता, परंपरा, विश्वास" असं लिहिलेली पानं मात्र पैशाला पासरी आहेत आणि ते शब्द कुणी शोधत नाही.

इथे एक तांत्रिक खोड आहे. पत्रक डीटीपीवाल्याकडून आलेलं असतं, श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये. ते वेबसाइटवर तसंच चिकटवलं तर आत इंग्रजी अक्षरांचा कचरा असतो आणि गुगलला तोच दिसतो. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. बदलल्यावरही 'ऑ' नीट तपासा: काही कन्व्हर्टर 'आ'वर वेगळा चंद्र ठेवतात. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, कॉम्प्युटरसाठी मात्र ती दोन वेगळी अक्षरं. आणि दरपत्रक फक्त फोटो म्हणून टाकू नका, सोबत टाइप करूनही द्या.

रिव्ह्यू

मागायला लाजू नका. प्रोफाइलमध्ये रिव्ह्यूची लिंक आणि क्यूआर कोड मिळतो, तो गल्ल्याजवळ लावा. पण "पाच स्टार द्या, दहा टक्के सूट घ्या" हे नियमात बसत नाही. खूश गिऱ्हाइकालाच लिंक द्यायची आणि नाराजाला टाळायचं, हेही नाही. वाईट रिव्ह्यूला दोन ओळींचं शांत उत्तर द्या. ते उत्तर त्या माणसापेक्षा पुढचे शंभर वाचणारे बघत असतात. विकत घेतलेले रिव्ह्यू एका रात्रीत उडतात, सोबत कधी कधी खरेही जातात.

वेबसाइट लागतेच का?

सुरुवातीला नाही. पण प्रोफाइल ही भाड्याची जागा आहे हे ध्यानात असू द्या. याच प्रोफाइलमधून गुगल एक छोटी मोफत वेबसाइट बनवून द्यायचं. ती सोय मार्च २०२४ मध्ये बंद झाली. तिथली चॅटची सोयही त्याच वर्षी जुलैअखेर गेली. स्वतःचं डोमेन घ्याल तेव्हा ते तुमच्या नावाने आणि तुमच्या ईमेलवर नोंदवा. फर्निचरवाल्यांची गोष्ट डोमेनलाही लागू आहे.

वेबसाइट असेल तर 'सर्च कन्सोल' जोडा, तेही मोफत. लोक कोणते शब्द टाकून तुमच्या पानावर आले हे त्यात दिसतं, १६ महिन्यांपर्यंतचं. एजन्सीने महिन्याचा रिपोर्ट दिला की त्याच्याशी ताडून बघा. रिपोर्टमध्ये 'मेटा कीवर्ड टाकले' असं मोठं काम म्हणून दाखवलं असेल तर तिथेच विचारा, कारण तो टॅग आपण क्रम लावायला वापरत नाही हे गुगलने २००९ मध्येच सांगितलंय.

प्रोफाइल सस्पेंड झालंच तर

घाईने अपील करू नका. आधी चूक दुरुस्त करा, म्हणजे नाव, पत्ता, कॅटेगरी. मग शॉप अ‍ॅक्ट, जीएसटी असेल तर त्याचं प्रमाणपत्र, दुकानाचं लाइटबिल हे स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवा आणि नंतरच अपीलचा फॉर्म उघडा, कारण पुरावे जोडायला फक्त ६० मिनिटं मिळतात. कागदावरचं, बोर्डावरचं आणि प्रोफाइलवरचं नाव अक्षरशः एकच असेल याची खात्री करून घ्या. "गणेश ऑइल" आणि "श्री गणेश ऑइल मिल" एवढ्या फरकावरही अपील अडकू शकतं.