लग्नाची तारीख : नियम आणि रीत

ज्युबिलीनिमित्त देवळांतील विवाहनोंदीच्या जुन्या वह्या आम्हीं पुन्हां उघडल्या. त्या चाळतांना एक गोष्ट सहज नजरेस येते. जानेवारी-फेब्रुवारीचीं पानें भरगच्च. राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंत नोंद नाहीं. मे महिन्यांत पुन्हां गर्दी, आणि पावसाबरोबर पुन्हां शांतता. पावसाळ्याचें कारण आपणां वसईकरांस सांगावयास नको; आवणी चालू असतां मांडव कोण घालील? परंतु उपवासकाळाचा इतिहास पुष्कळांस ठाऊक नाहीं, आणि त्यामुळें ‘ते दिवस लग्नास अशुभ’ अशी समजूत आपल्यांत शिरली आहे. ती दूर व्हावी, एवढाच या लेखाचा हेतु.

उपवासकाळांत विवाहसोहळे करूं नयेत, असा नियम चौथ्या शतकांत लाओदिकिया येथील धर्मसभेनें केला. त्याचें कारण दिवसाची अशुभता नव्हे. प्रायश्चित्त आणि मेजवानी हीं एका घरांत नांदत नाहींत, एवढेंच. पुढें १२१५ सालीं चौथ्या लॅटरन महासभेनें विवाहाची जाहीर घोषणा सर्वत्र आवश्यक केली, आणि ११ नोव्हेंबर १५६३ रोजीं ट्रेंटच्या महासभेनें ती लागोपाठच्या तीन सणांच्या दिवशीं मिस्साच्या वेळीं व्हावी असें ठरविलें. चोरून लग्न लावून मग तें नाकारणारे, किंवा एक पत्नी असतां दुसरी करणारे पुरुष तेव्हां कमी नव्हते. अशांपासून मुलींचें रक्षण व्हावें हा त्यांतील हेतु. त्याच बैठकींत आगमनकाळापासून तीन राजांच्या सणापर्यंत, आणि राखेच्या बुधवारापासून ईस्टरच्या आठव्या दिवसापर्यंत, समारंभाचे विवाह वर्ज्य ठरले. १५३४ पासून वसई पोर्तुगीजांकडे होती. त्यांच्या अमदानींत हे नियम येथें आले. १७३९ सालीं राज्य बदललें, पण रीत टिकली.

ईस्टर मागेंपुढें सरकतो, त्यामुळें लग्नसराई कधीं आखूड तर कधीं लांब होई. १९१३ सालीं ईस्टर २३ मार्चला आला. ७ जानेवारी ते ४ फेब्रुवारी असे अवघे २९ दिवस मोकळे मिळाले. १९ मे १९१८ पासून नवा कायदेग्रंथ अमलांत आला व पहिली बंदी नाताळच्या दिवशींच संपूं लागली. १९४३ सालीं ईस्टर २५ एप्रिलला होता. म्हणून २६ डिसेंबर ते ९ मार्च असे ७४ दिवस लाभले. ध्यानांत घ्यावें कीं, त्या कायद्यांतहि बंदी विवाहाला नव्हती. विवाहाच्या गंभीर आशीर्वादाला होती. योग्य कारण असल्यास बिशप तीहि शिथिल करीत, मात्र थाटमाट आवरता घेण्यास सांगत. १९८३ च्या कायदेग्रंथांत तर असा वर्ज्य काळच उरला नाहीं. गुड फ्रायडे व पवित्र शनिवार टाळावे, आणि प्रायश्चित्ताच्या दिवसांचें भान राखावें, एवढेंच आज अपेक्षित आहे.

हें आम्ही सेमिनरींत शिकलों होतों. तरीहि आमच्या हातून एक चूक घडली. आम्ही नवीन धर्मगुरु असतां, दुसऱ्या एका धर्मग्रामांत, एक बाप आमच्याकडे आला. त्याची आई अंथरुणाला खिळलेली होती, आणि नातीचें लग्न डोळ्यांनीं पाहावें अशी तिची इच्छा होती. ‘उपवासकाळांत लग्न लागत नाहीं,’ असें आम्ही सांगून मोकळे झालों. तो कांहीं न बोलतां परत गेला. पवित्र आठवड्यांत आम्हींच त्या माउलीला मूठमाती दिली. लग्न मे महिन्यांत लागलें. आमच्या तोंडून त्या दिवशीं कायदा बोलला नव्हता, संवय बोलली होती.

म्हणून, प्रिय भाविकहो, हल्ली आधीं हॉल ठरतो आणि मग धर्मगुरूला तारीख कळविली जाते, तें उलट करा. आधीं देवळांत या. घोषणांस व तयारीस पुरेसा अवधि ठेवा, आणि घरीं कोणी आजारी, कोणी परदेशीं, कांहीं अडचण असेल तर ती मोकळेपणीं सांगा. उपवासकाळ शक्यतों राखूं या; पण देवाच्या पंचांगांत अशुभ दिवस नाहीं, हें विसरूं नका.