जुने गोवे

जुने गोवे : गोव्याच्या तिसवाडी तालुक्यातील ऐतिहासिक नगर. पणजीच्या पूर्वेला सुमारे 10 किमीवर, मांडवी नदीच्या दक्षिण तीरावर वसलेले. 1530 पासून पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील राज्याची ही राजधानी होती. 1843 मध्ये तो मान अधिकृतपणे पणजीकडे गेला. येथील चर्च व मठ 1986 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. सेव्हिल, तोलेदो, कोर्दोबा या स्पॅनिश शहरांत कॅथेड्रल, संग्रहालय आणि बाग पायी हिंडून पाहता येते. उत्तर गोव्यातल्या हरमल-पेडण्याच्या माणसाला तसा फेरफटका घराजवळ मारायचा तर तो इथेच. मात्र सेव्हिलच्या कॅथेड्रलभोवती आजही बाजार, घरे, गल्ल्या गजबजलेल्या असतात. जुन्या गोव्यात मोठमोठ्या वास्तू उभ्या आहेत आणि त्यांच्याभोवतीचे शहर तेवढे नाहीसे झाले आहे.

स्पेनशी या नगराचा संबंध नुसत्या साम्यापुरता नाही. 1580 मध्ये पोर्तुगालची गादी स्पेनच्या दुसऱ्या फिलिपकडे गेली आणि 1640 पर्यंत गोव्याचा राजा स्पेनचाच होता. कारभार पोर्तुगीजांच्याच हाती राहिला, पण आज पर्यटक जे पाहतात त्यातले बरेचसे याच साठ वर्षांत उभे राहिले. बॉम जेझूसचे चर्च (1594–1605), सांता मोनिकाचा मठ (1606–1627) आणि से कॅथेड्रलचा मुख्य सभामंडप (1619) ही त्यातली ठळक नावे. हरमलहून चोपडे-शिवोली पूल, म्हापसा, पणजी असे येणारा प्रवासी पाटो ते रायबंदरच्या ज्या लांबलचक बांधावरून जातो, तो व्हाइसरॉय लिन्यारिशचा काउंट याने 1633–34 मध्ये घातला, म्हणजे तोही स्पॅनिश राजाच्या अमलातलाच.

डिचोलीकडच्यांना याहून जुनी वाट मोकळी आहे. नार्वेहून फेरीबोटीने दिवाडी बेट, तिथून दुसऱ्या फेरीबोटीने जुने गोवे. नार्वेच्या सप्तकोटेश्वराचे मूळ स्थान याच बेटावर होते. पोर्तुगीजांनी ते देऊळ पाडल्यावर देव नदीपलीकडे गेला आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार केला. धक्क्यावर उतरले की थोड्याच अंतरावर व्हाइसरॉयची कमान लागते. नदीकडच्या अंगाला वास्को द गामाचा पुतळा आहे. शहराकडच्या अंगाला हाती तलवार घेतलेली स्त्री असून तिच्या पायाखाली पागोटेधारी पुरुष आहे.

से कॅथेड्रल सेंट कॅथरिनला वाहिलेले आहे, कारण पोर्तुगीज सेनानी आफोन्सो द आल्बुकेर्कने गोवे घेतले तो 25 नोव्हेंबर 1510 हा तिच्या सणाचा दिवस होता. बांधकाम 1562 मध्ये सुरू झाले. लांबी सुमारे 76 मी., रुंदी 55 मी.; चिरेबंदी भिंतींवर चुन्याचा पांढरा गिलावा. दर्शनी बाजू एकांगी दिसते, कारण दोन मनोऱ्यांपैकी उत्तरेकडचा 1776 मध्ये कोसळला. उरलेल्या मनोऱ्यात ‘सोन्याची घंटा’ आहे. हे नाव तिला गंभीर नादामुळे पडले.

रस्त्यापलीकडच्या बॉम जेझूसची लाल चिऱ्याची भिंत उघडीच आहे. तिचा गिलावा 1950 च्या दशकात काढण्यात आला. पावसाने चिरा झिजतो म्हणून गिलावा परत द्यावा की नाही, हा वाद चालू आहे. ‘गोंयचो सायब’ सेंट फ्रान्सिस झेवियर (1506–1552) यांचे शव इथे आहे. तेही मूळचे स्पॅनिशच, नव्हारातल्या हाव्हिएर किल्ल्यात जन्मलेले. चांदीची पेटी गोव्याच्या कारागिरांची, तर खालची संगमरवरी समाधी टस्कनीच्या ग्रँड ड्यूकने धाडलेली असून ती 1698 मध्ये बसवली गेली. 3 डिसेंबरला फेस्त भरते, त्याआधी नऊ दिवस नोव्हेना चालतात. दर दहा वर्षांनी होणारे शवप्रदर्शन 21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025 या काळात झाले.

पोर्तुगालने 1834 मध्ये आणि स्पेनने लगोलग 1835–36 मध्ये मठ बंद केले. सेव्हिलच्या एका रिकाम्या मठात ललितकला संग्रहालय थाटले गेले. गोव्यात सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या मठात 1964 मध्ये पुरातत्त्व संग्रहालय सुरू झाले (शुक्रवारी बंद). व्हाइसरॉय आणि गव्हर्नरांच्या तसबिरींच्या रांगेखेरीज तिथे गोव्याच्या गावांतून आलेले वीरगळ आणि सतीशिळाही आहेत. लगतच्या चर्चची फरशी खाली वाकून पाहावी : ती थडग्यांच्या शिळांची असून कुलचिन्हे आणि अक्षरे पायांनी झिजली आहेत. ख्रिस्ती कलेचे संग्रहालय सांता मोनिकात आहे. जवळच सेंट ऑगस्टीनच्या चर्चचा सुमारे 46 मी. उंच अर्धा मनोरा उभा आहे. त्याची घंटा 1871 पासून पणजीच्या चर्चमध्ये वाजते.

पटकी आणि हिवतापाच्या साथींनी नगर ओस पडत गेले. व्हाइसरॉयने 1759 मध्ये मुक्काम पणजीला हलवला आणि पाडलेल्या घरांचे पुष्कळ चिरेही तिकडच्या बांधकामाला गेले. पेडणे महाल पोर्तुगीजांकडे आला तो 1788 मध्ये. त्यामुळे त्या भागाने राजधानी म्हणून गजबजलेले गोवे पाहिलेच नाही.

बाग पाहायची तर पणजीलाच थांबावे लागते. जुन्या गोव्यात आहेत ती पुरातत्त्व खात्याने राखलेली हिरवळीची पटांगणे. पणजीच्या चर्चजवळील उद्यानाला गार्सिया द ओर्ता यांचे नाव आहे. सालामांका आणि आल्काला या स्पॅनिश विद्यापीठांत शिकलेले हे वैद्य 1534 मध्ये गोव्यात आले. हिंदुस्थानातील औषधी वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ 1563 मध्ये गोव्यातच छापला गेला. ते मूळच्या ज्यू घराण्यातले. मृत्यूनंतर, 1580 मध्ये, इन्क्विझिशन या चर्चच्या धर्मन्यायालयाने त्यांची हाडे उकरून जाळली.