स्फटिकाच्या पोटांतील प्रवासी

पाण्यांत मीठ विरघळलें कीं त्याचे विद्युद्भारित कण पाण्यांत फिरूं लागतात व त्यांच्या संचारानें वीज वाहते, हें शाळेंतील मुलासही ठाऊक असतें. परंतु कठीण स्फटिकाच्या पोटांत, जेथें प्रत्येक कण आपापल्या जागीं जखडलेला, तेथें प्रवास कसला? या कोड्याचा छडा लावण्यांत शंभरांहून अधिक वर्षें गेलीं. आज ज्या घनरूप लिथियम विद्युद्घटाचा एवढा बोलबाला आहे, त्याचें मूळ याच शोधांत आहे.

आरंभ लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें झाला. लोहाराचा मुलगा व बालपणीं पुस्तकबांधणी शिकलेला मायकेल फॅरडे यानें १८३३ सालीं चांदीच्या सल्फाइडाचा तुकडा दिव्यावर तापवून पाहिला. धातु तापले म्हणजे त्यांची वाहकता घटते; येथें उलटच घडलें. तुकडा तापत गेला तशी वीज अधिकाधिक वाहूं लागली, आणि दिवा दूर करतांच प्रवाह मंदावला. पुढें शिशाच्या फ्लोराइडांतही त्यास हाच चमत्कार दिसला. ‘आयन’, म्हणजे ‘जाणारा’, हा शब्दही विल्यम ह्यूएल या पंडिताच्या सल्ल्यानें त्यानेंच १८३४ सालीं रूढ केला. मात्र घन पदार्थांत जातो कोण, हें त्यास सांगतां आलें नाहीं.

१८९७ च्या सुमारास गटिंगेन येथें वाल्थर नेर्न्स्ट यानें झिर्कोनियम व इट्रियम यांच्या ऑक्साइडांची कांडी करून तिचा दिवा बनविला. तो पेटविण्यापूर्वीं तापवावा लागे, म्हणून धातूच्या तारेच्या दिव्यांपुढें त्याचा निभाव लागला नाहीं. त्या कांडींतून प्राणवायूचे आयन चालतात, हें कार्ल वाग्नर यानें १९४३ सालीं दाखविलें. तोंवर दिवे केव्हांच अडगळींत गेले होते!

खरा निकाल लावला तो तराजूनें. हाल्ले येथील कार्ल टुबांट व त्याचा सहकारी लोरेन्झ यांनीं १९१४ सालीं चांदीच्या आयोडाइडाची परीक्षा केली. १४७ अंशांपर्यंत हा पदार्थ सामान्यच; ती मर्यादा ओलांडतांच त्याची वाहकता एकाएकीं हजारों पटींनीं वाढते. पुढें साडेपांचशे अंशांच्या वर तो वितळतो, तेव्हां ती वाढण्याऐवजीं किंचित् घटते! म्हणजे घनांतील वाट द्रवाहूनही मोकळी. टुबांटनें अशा क्षारांच्या दाबून केलेल्या वड्या एकापुढें एक लावल्या, दोन्ही टोकांस धातूचे तुकडे ठेविले, प्रवाह सोडला आणि नंतर प्रत्येक भाग वेगळा करून तोलला. एका टोकाची चांदी घटली, दुसऱ्या टोकाला तेवढीच वाढली, मधल्या आयोडाइडाचें वजन जसेंच्या तसें! चांदीचे आयन संबंध स्फटिक ओलांडून गेले होते, आयोडीन जागचें हललें नव्हतें. फॅरडेचें नांव सर्वतोमुखीं आहे तें योग्यच; परंतु पुराव्याचा मान टुबांटच्या वजनांनाच द्यावयास हवा.

हें घडतें कसें, याचा खुलासा हळूहळू झाला. लेनिनग्राडच्या याकोव्ह फ्रेंकेल यानें १९२६ सालीं सुचविलें कीं, उष्णतेनें एखादा आयन आपली जागा सोडून शेजारच्या फटींत शिरतो. लेस्टर स्ट्रॉक यानें १९३४ सालीं क्ष-किरणांच्या साह्यानें चांदीच्या आयोडाइडाचें चित्र मांडलें: प्रत्येक घटकोष्ठांत दोन आयन आणि त्यांना बसावयास बेचाळीस जागा. धर्मशाळेंत दोनच उतारू असावेत व खोल्या बेचाळीस, अशी ही स्थिति. त्यांनीं एका खोलींत ठाण मांडून कां बसावें?

१९६७ सालीं फोर्ड कंपनीच्या याओ व कमर यांनीं बीटा-ॲल्युमिना या पदार्थांतून सोडियमचे आयन सहज चालतात असें दाखविलें, आणि प्रयोगशाळेंतील कुतूहलाला कारखान्याची वाट सांपडली.

लिथियमची गोष्ट अधिक नाजूक. १९९१ सालीं सोनी कंपनीनें बाजारांत आणलेल्या लिथियम-आयन घटांत आयन ज्या द्रवांतून जातात तो ज्वालाग्राही असतो. त्या जागीं घन पदार्थ घातला तर आगीचें भय कमी व्हावें. २००७ सालीं मुरुगन, थंगदुराई व वेपनर यांनीं लिथियम, लँथॅनम व झिर्कोनियम यांचें गार्नेटसारख्या रचनेचें ऑक्साइड पुढें आणलें. त्यांपैकीं पहिले दोघे भारतीय, हें विशेष. २०११ सालीं जपानांतील कान्नो व त्याचे सहकारी यांच्या गंधकयुक्त पदार्थानें साध्या तपमानांत त्याच्या सुमारें चाळीसपट वाहकता दाखविली. ती द्रवाच्या तोडीची होती. पण हा पदार्थ दमट हवेंत ठेवावा तर त्यांतून विषारी हायड्रोजन सल्फाइड निघतें.

गार्नेट हवेंत त्या मानानें बरें टिकतें. त्याची अडचण निराळी. टुबांटच्या प्रयोगांतही कांहीं क्षारांच्या वड्यांतून धातूचे केसासारखे तंतु वाढून घोटाळा होई. तोच उपद्रव येथें पुन्हां उभा राहिला आहे. गार्नेट लिथियमहून कितीतरी कठीण, तेव्हां मऊ धातु त्यांत शिरूं शकणार नाहीं असा अनेकांचा कयास होता. तो खरा ठरला नाहीं. प्रवाह वाढला कीं लिथियमचे तंतु कणाकणांमधील सांधे व सूक्ष्म तडे शोधीत पुढें सरकतात, आणि ते पलीकडच्या अग्रास भिडतांच घट निकामी होतो.