हौशी प्रोग्राम आणि त्याचा दुभाषी

श्रोतेहो, आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं केव्हांना केव्हां असा प्रसंग घडून गेला असेल. एखाद्या हौशी गृहस्थानें फावल्या वेळीं संगणकासाठीं एक लहानसा प्रोग्राम लिहिलेला असतो. ताऱ्यांचा नकाशा दाखविणारा म्हणा, किंवा घरखर्चाचा हिशेब मांडणारा म्हणा. एखाद्या स्नेह्यामार्फत तो आपल्या हातीं येतो. आपण मोठ्या उत्साहानें तो सुरू करतों, आणि पडद्यावर एकच रुक्ष वाक्य उमटतें : अमुक नांवाची फाईल सांपडत नाहीं. प्रोग्रामच बिघडलेला आहे असें ठरवून आपण तो पुसून टाकतों. मला आज सांगावयाचें आहे तें हें कीं, हा न्याय पुष्कळदां चुकीचा असतो. प्रोग्राम निर्दोष असतो. त्याचा दुभाषी मात्र आपल्या घरीं आलेला नसतो. या दुभाष्यास संगणकाच्या परिभाषेंत 'रनटाइम' म्हणतात, आणि त्याची कथा घरगुती संगणकाइतकीच जुनी आहे.

संगणकाच्या प्रोसेसरला अंकांत मांडलेल्या आज्ञांखेरीज दुसरें कांहीं कळत नाहीं. मनुष्य लिहितो तें शब्दांत. म्हणून दोघांच्या मध्यें कोणीतरी उभें राहावें लागतें. कधीं तो एकेक ओळ वाचून जागच्या जागीं तिचें भाषांतर करितो. कधीं आंकडेमोड करणें, पडद्यावर चौकट काढणें अशीं ठराविक कामें तयार ठेवून प्रोग्रामच्या हांकेस ओ देतो. कसाहि असला तरी प्रोग्राम चालूं असतांना तो हजर पाहिजे. जुन्या दफ्तरांतला कागद कितीहि जपून ठेविला, तरी मोडी वाचणारा जवळ नसेल तर तो मुकाच राहतो. तसेंच हें आहे.

जानेवारी १९७५ मध्यें अमेरिकेंतील 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' मासिकाच्या मुखपृष्ठावर 'आल्टेअर ८८००' नांवाचा संगणक झळकला. न्यू मेक्सिकोंतील आल्बुकर्क शहरची एक लहान कंपनी त्याचे सुटे भाग ३९७ डॉलरांस विकीत होती. त्याला ना पडदा, ना कळफलक; पुढच्या बाजूस नुसते खटके आणि दिवे. मूळ संचांतील स्मृति अवघी २५६ बाइट्सची. तरीहि हौशी लोकांनीं मागण्यांचा पाऊस पाडला. प्रश्न एकच उरला : याच्याशीं बोलावयाचें कसें?

त्याचें उत्तर बिल गेट्स आणि पॉल अॅलन या दोन तरुणांनीं दिलें. बेसिक ही सोपी भाषा डार्टमथ कॉलेजांतील केमेनी व कुर्ट्झ या प्राध्यापकांनीं १९६४ सालीं सिद्ध केली होती. आल्टेअरसाठीं त्या भाषेचा दुभाषी लिहावयाचें या दोघांनीं ठरविलें. परंतु त्यांच्याजवळ आल्टेअरच नव्हता! तेव्हां अॅलननें हार्वर्ड येथील मोठ्या पीडीपी-१० संगणकास आल्टेअरच्या प्रोसेसरची नक्कल करावयास लाविलें, आणि त्या नकलेवर सारें काम झालें. अपूर्णांकांचें गणित माँटी डेव्हिडॉफनें लिहिलें. मार्च १९७५ मध्यें अॅलन छिद्रें पाडलेली कागदी फीत घेऊन विमानानें आल्बुकर्कला निघाला. वाटेंत त्याच्या ध्यानांत आलें कीं, फितीवरचा मजकूर यंत्राच्या आंत ओढून घेणाऱ्या आज्ञा तर लिहिलेल्याच नाहींत! त्या त्यानें विमानांतच लिहून काढिल्या. यंत्रास दोन अधिक दोन किती असें विचारल्यावर उत्तर आलें : चार.

विमानांतली ही आठवण मोठी बोधप्रद आहे. दुभाष्यालासुद्धां घरांत घेणारा कोणी लागतो. आल्टेअरच्या मालकास हें रोजच भोगावें लागे. लहानांत लहान बेसिकला ४,०९६ बाइट्स, म्हणजे मूळ संचाच्या सोळापट स्मृति लागे. आधीं खटके वरखालीं करून आरंभींच्या आज्ञा भरावयाच्या. मग सेकंदास दहा अक्षरांच्या गतीनें फीत वाचवावयाची. त्यांत सात मिनिटें जात. वीज गेली कीं सारें पुसलें जाई आणि पुन्हां पहिल्यापासून आरंभ!

या फितीच्या नकला कॅलिफोर्नियांतील 'होमब्रू कॉम्प्युटर क्लब'मधून हातोहात पसरल्या. ३ फेब्रुवारी १९७६ रोजीं गेट्सनें हौशी मंडळींस उद्देशून अनावृत पत्र लिहिलें. वापरणाऱ्यांपैकीं बहुतेकांनीं बेसिक विकत घेतलेलें नाहीं अशी त्याची तक्रार होती. दुसऱ्या बाजूनें डेनिस अॅलिसन यांच्या आराखड्यावरून 'टायनी बेसिक' हे लहानसे दुभाषी तयार झाले, आणि 'डॉक्टर डॉब्ज' या मासिकांतून सर्वांस खुले करण्यांत आले. परंतु टायनी बेसिकला केवळ पूर्णांक कळत. अपूर्णांक वापरणारा खेळ त्यावर चालत नसे. अर्थात् मासिकांतला प्रोग्राम उतरून घेण्यापूर्वीं तो कोणत्या बेसिकसाठीं लिहिला आहे हें पाहणें भाग पडूं लागलें. नुसता दुभाषी असून भागत नाहीं, तो नेमका तोच असावा लागतो, हा धडा लोक येथें शिकले.

१९९१ सालीं 'व्हिज्युअल बेसिक' आलें आणि खिडक्या व बटणें असलेले प्रोग्राम घरोघरीं लिहिले जाऊं लागले. त्यांचा दुभाषी 'व्हीबीरन१००' नांवाच्या फाइलींत असे. पुढल्या आवृत्त्यांबरोबर २०० आणि ३०० आले. यांपैकीं एकाचें काम दुसरा करीत नसे. व्हीबीरन३०० ही फाईल ३,९८,४१६ बाइट्सची. हौशी प्रोग्राम पुष्कळदां त्याहून कितीतरी लहान. सेकंदास २,४०० बिट्स वाहून नेणाऱ्या मोडेमवर एवढी फाईल आणावयास जवळजवळ अर्धा तास लागे. म्हणून लेखक ती वगळीत आणि 'आपण मिळवून घ्यावी' एवढी सूचना लिहीत. ती सूचना न वाचणाऱ्यांच्या पडद्यावर आपलें तें रुक्ष वाक्य येई.

२००२ सालीं निघालेल्या 'डॉट नेट' मध्यें अनेक आवृत्त्यांस एकाच संगणकावर शेजारीं शेजारीं नांदण्याची सोय झाली. तथापि अडचण संपली नाहीं. दुसऱ्या आवृत्तीसाठीं लिहिलेला प्रोग्राम चौथीवर आपोआप चालत नाहीं, त्यासाठीं ३.५ ही आवृत्ति लागते, आणि विंडोज १० मध्यें ती असूनहि मुद्दाम चालूं करावी लागते.

तेव्हां श्रोतेहो, तें वाक्य पुन्हां दिसल्यास त्यांतील फाइलीचें नांव आणि पुढचा अंक टिपून घ्यावा; त्या अंकांतच उत्तर असतें. ती आवृत्ति मूळ निर्मात्याकडूनच घ्यावी, वाटेवरच्या अनोळखी माणसाकडून नव्हे. नवी आली म्हणून जुनी काढून टाकूं नये. आणि आपण स्वतः हौसेनें कांहीं लिहीत असाल, तर तें कोणत्या दुभाष्यासाठीं आहे हें पहिल्याच ओळींत नोंदवून ठेवा. पुढें तुमच्या नातवंडांस त्याचा उपयोग होईल.

कारण कधीं कधीं दुभाषी मिळूनहि भागत नाहीं. २०२१ सालीं आलेली विंडोज ११ ही ६४ बिटांचीच आहे. १६ बिटांच्या काळांतला व्हीबीरन३०० तिच्यावर चालत नाहीं. त्या वेळचे हौशी प्रोग्राम ऐकावयाचे तर नव्या संगणकाकडून जुन्या संगणकाची नक्कल करवून घ्यावी लागते. १९७५ सालीं हार्वर्ड येथें अॅलननें हेंच केलें होतें. त्यानें तें अजून हातीं न आलेल्या यंत्रासाठीं केलें; आज तें मागें पडलेल्या यंत्रांसाठीं चालूं आहे, आणि तें करणारेहि बहुतांशीं हौशी लोकच आहेत.