शेजपाळी आणि संगणकाच्या छोट्या भाषा

बारामती-इंदापूरच्या बागायतदाराला 'शेजपाळी' या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. चारीच्या टोकाकडून मुखाकडे शेजाशेजारच्या शेतांना ओळीने पाणी द्यायचे. मंजूर क्षेत्र व पीक पाहून पाळीचा वेळ ठरवायचा. एवढा नियम एका शब्दात मावतो. नीरा डावा कालवा १८८०च्या दशकात सुरू झाला. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी दख्खनच्या कालव्यांसाठी 'ब्लॉक' पद्धत मांडली. तीत जमिनीच्या गटाला काही वर्षांसाठी पाणी मंजूर होई आणि गटाच्या ठरावीक भागातच ऊस घेता येई. हा शब्दही बोलीत रुळला. संगणकापूर्वीच पाण्याच्या व्यवहाराने आपली नेमकी भाषा घडवली होती.

समजा, पाळ्यांची यादी संगणकाकडून करून घ्यायची आहे. सर्वसाधारण संगणकभाषेत लिहिल्यास हा नियम शेकडो ओळींत विखुरतो. कालवा निरीक्षकाला तो वाचता येत नाही, म्हणून तपासताही येत नाही. चूक राहिली, तर टोकाच्या शेतकऱ्याचा ऊस वाळतो.

यावरचा उपाय म्हणजे त्या विषयापुरती छोटी भाषा. १९५७ साली आलेल्या फोर्ट्रानने गणिती सूत्रे जवळजवळ सूत्रांसारखीच लिहिण्याची सोय केली. १९७४ मध्ये आयबीएमच्या चेंबरलिन व बॉइस यांनी फक्त माहितीसाठ्याला प्रश्न विचारण्याची भाषा मांडली. तीच आजची एसक्यूएल. १९८६ मध्ये जॉन बेंटले यांनी अशा 'छोट्या भाषां'वर लेख लिहून या विचाराकडे लक्ष वेधले.

पुण्यात १९८१ साली टाटांचे संशोधन केंद्र, टीआरडीडीसी, स्थापन झाले. तेथे विकसित झालेल्या 'मास्टरक्राफ्ट' साधनांत व्यवहाराचे प्रारूप आधी मांडतात आणि त्यावरून आज्ञावलीचा बराच भाग यंत्रच तयार करते. नियम बदलला, की प्रारूप बदलायचे आणि आज्ञावली पुन्हा काढायची.

आपल्या उदाहरणात शेत, पीक, चारी, पाळी या कल्पनांचा सांगाडा एकदाच रचावा लागेल. बारामतीच्या चारीसाठी रचलेला सांगाडा इंदापूरच्या चारीलाही चालेल. बदलेल ती फक्त माहिती. मात्र छोटी भाषा घडवायला श्रम पडतात. तेच काम पुन्हापुन्हा करायचे असेल, तरच ते फळतात.

वर्गात हा प्रयोग जरूर करावा. शाळेच्या वेळापत्रकाचे नियम मुलांना दहाच शब्द वापरून लिहायला सांगावेत. कोणते दहा, यावर वाद होईल. संगणकाला हात लावण्यापूर्वी तो वाद व्हायलाच हवा, आणि त्यात विषय जाणणाऱ्या माणसाचा शब्द शेवटचा असावा.