गाजलेला लेख आणि भोवलेला लेख



या महिन्यात बरंच काही वाचलं, पण डोक्यात राहिलेले लेख निघाले शंभराहून जास्त वर्षं जुने. टिळकांच्या केसरीतल्या लेखांचे खंड हाती लागले होते. आम्हा शनिवार पेठवाल्यांना केसरीवाडा चालत जाण्याच्या अंतरावर. नाव रोज कानावर पडतं, पण लेख अख्खे वाचलेले लोक विरळाच.

कुणालाही विचारा, १८९७ साली टिळकांना शिक्षा कशामुळे झाली? उत्तर तयार असतं : 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' हा अग्रलेख. आता जरा तारखा लावून बघू.

१८९७ च्या सुरुवातीला पुण्यात प्लेग होता. रँडच्या प्लेग कमिटीचे गोरे सोजीर देवघर, माजघर न बघता घराघरांत शिरत होते. १५ जूनच्या केसरीत शिवराज्याभिषेक उत्सवाचा वृत्तांत आला. त्यात अफझलखानाच्या वधावरची भाषणं होती. शिवाय महाराज आजची दुर्दशा बघून काय म्हणतील, अशी टोपणनावाने लिहिलेली एक कविता. २२ जूनच्या रात्री चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. सरकारने पुण्यावर जादा पोलीस बसवले, तेव्हा ६ जुलैला तो प्रसिद्ध अग्रलेख आला. २७ जुलैला टिळकांना अटक झाली.

पण खटला कशावर? १५ जूनच्या अंकावर! म्हणजे उत्सवाचा वृत्तांत आणि ती कविता. गाजला एक लेख, भोवला भलताच मजकूर.

खरी गंमत (गंमत कसली म्हणा) पुढेच आहे. कलम १२४-अ मधला शब्द होता 'डिसअफेक्शन'. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला सांगितलं की याचा अर्थ 'प्रेमाचा अभाव', आणि त्यात द्वेष, वैर, तिरस्कार सगळं आलं. आमच्या भाषेत सांगायचं तर नल आणि निगेटिव्ह व्हॅल्यू एकच धरल्या. सरकारवर तुमचं प्रेम नाही? मग तुम्ही शत्रू! हा बग नव्हता बरं का, हेच त्यांचं स्पेसिफिकेशन होतं. नऊ जणांच्या ज्यूरीत ६ युरोपियन 'दोषी' म्हणाले, ३ हिंदी 'निर्दोष'. शिक्षा १८ महिने सक्तमजुरी.

१९०८ सालीही तसंच. सहा वर्षं मंडालेला नेणारे लेख होते 'देशाचे दुर्दैव' (१२ मे) आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' (९ जून). बॉम्बचं कारण दडपशाहीत आहे, ती वाढवून बॉम्ब थांबणार नाहीत, असा शांतपणे केलेला युक्तिवाद. यातल्या एकाचं तरी नाव पटकन आठवतं का?

मला वाटतं, आपण मथळा लक्षात ठेवतो, कारण तो खणखणीत असतो आणि फॉरवर्ड करायला सोपा. मजकूर मात्र सरकारी वकील वाचतो, ओळ न् ओळ. लिहिणाऱ्याला जपायचं असेल तर त्याच्या चाहत्यांनी निदान वकिलाइतकं तरी वाचायला हवं. नाहीतर त्याने नेमकं काय लिहिलं होतं, हे ठरवायचा अधिकार आपण खुशाल कोर्टावर सोडून देतो.

स्ट्रॅचीचा अर्थ पुढे टिकला नाही. १९६२ च्या केदारनाथ सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम हिंसेची किंवा अशांततेची चिथावणी असेल तिथपुरतंच ठेवलं. १ जुलै २०२४ ला जुनी दंड संहिताच गेली. नव्या न्याय संहितेत 'राजद्रोह' हा शब्द नाही, पण कलम १५२ आहे आणि त्याच्याही शब्दांवर वाद चालू आहे. तेव्हा ते कलमही अख्खं वाचा. फार मोठं नाही, चहा संपेपर्यंत होतं.

असो. पुढच्या वीकांताला भेटूच.